त्रैराशिक जेथे संपते

भंडाऱ्याहून पवनीकडे निघाले की वाटेत अड्याळ लागते. भोवती धानाची शेती, जवळच वैनगंगेचे खोरे आणि याच पवनी तालुक्यात गोसेखुर्दचे विशाल धरण. या रस्त्याने एस.टी. धावते, धानाच्या पोत्यांनी भरलेले ट्रॅक्टर जातात, वाळूचे टिप्पर जातात. रस्त्यावरच्या एखाद्या जुन्या पुलाविषयी कोणी शंका काढली, की उत्तर ठरलेले असते : ‘‘इतकी वर्षे उभा आहे, आणखी दहा वर्षे त्याला काय होते? दहा टन पेलतो, तर बारा का पेलणार नाही?’’ हे उत्तर अड्याळपुरते नाही. ते मुंबईच्या पादचारी पुलावर ऐकू येते, कोकणातल्या लहान धरणाच्या काठावर ऐकू येते, आणि मंत्रालयातील फायलींतही वेगळ्या शब्दांत लिहिलेले असते.

या उत्तराच्या मुळाशी एक गणित आहे. ते आपण सर्वांनी शाळेत घोटले आहे. त्याचे नाव त्रैराशिक. पाच आंब्यांना इतके रुपये, तर दहा आंब्यांना किती? भास्कराचार्यांनी ‘लीलावती’मध्ये ते सोदाहरण शिकविले आणि आठ शतकांहून अधिक काळ आपला व्यवहार त्यावर चालला. परंतु त्याच भास्कराचार्यांनी लगोलग व्यस्त त्रैराशिकही सांगितले, म्हणजे प्रत्येक ठिकाणी सरळ प्रमाण लावू नये, हेही शिकविले. आपण पहिला धडा लक्षात ठेवला आणि दुसरा विसरलो. पूल, धरण, घर, जिना यांच्या बाबतीत हे विस्मरण माणसांच्या जिवावर बेतते.

सरळ रेषा कोठवर?

रॉबर्ट हुक या इंग्रज शास्त्रज्ञाने सतराव्या शतकात सांगितले की, स्प्रिंगला जितका ताण द्यावा तितकी ती लांबते. दुप्पट भार, तर लांबीत दुप्पट वाढ. भार काढला की स्प्रिंग पूर्ववत होते. अभियांत्रिकीचे बरेचसे नित्याचे हिशेब या सरळ रेषेवर आधारलेले आहेत, आणि ठरावीक मर्यादेच्या आत ते बरोबरही आहेत. प्रश्न मर्यादेबाहेरचा आहे. मर्यादा ओलांडली की रेषा वाकते. तेथून पुढे थोडासा अधिक भारही मोठी हानी करतो आणि भार काढून घेतला तरी वस्तू मूळ रूपात परत येत नाही.

बांबूची काठी वाकवून पाहावी. काही अंतरापर्यंत ती निमूट वाकते आणि सोडली की सरळ होते. त्यापुढे तिच्यातून बारीक आवाज येतो, तंतू सुटतात, आणि मग तिला मोडायला आधीच्या जोराच्या निम्माही जोर लागत नाही. काठी तीच, हात तेच; पण काठीचा स्वभाव बदललेला असतो.

हा स्वभावबदल तीन प्रकारांनी होतो. पहिला प्रकार पदार्थाचा. काँक्रीट दाब उत्तम सोसते; पण ओढ सोसण्याची त्याची शक्ती दाब सोसण्याच्या शक्तीच्या साधारण एक दशांश एवढीच असते. ओढ वाढली की त्याला तडा जातो. तडा गेलेला भाग आपला वाटा उचलीत नाही, तो शेजारच्या भागावर टाकतो. पोलाद मात्र तुटण्यापूर्वी पुष्कळ ताणले जाते, म्हणूनच काँक्रीटमध्ये सळया घालतात. नीट सळया घातलेली तुळई मोडण्यापूर्वी वाकते, तडकते, दिसेल अशी लोंबते. थोडक्यात, ती घरातल्या माणसांना बाहेर पडण्यासाठी वेळ देते.

दुसरा प्रकार आकाराचा. उंच, बारीक खांबावर वरून भार टाकला, तर तो चिरडण्याऐवजी बाजूला कलतो. अठराव्या शतकात ऑयलर या गणितज्ञाने याचे सूत्र मांडले. अशा खांबाची उंची दुप्पट केली, तर कलण्यापूर्वी तो पेलू शकणारा भार निम्मा होत नाही, चौथा हिस्सा उरतो. शिवाय खांब थोडा कलला की त्यावरचा भार मध्यातून सरकतो, सरकलेला भार त्याला आणखी कलवितो. दोष स्वतःच स्वतःला वाढवितो.

तिसरा प्रकार सांध्यांचा आणि टेकूंचा. तडा उघडतो, मिटतो. पाया एका बाजूने उचलला जातो. पुलाच्या खांबाखालची माती पुरात वाहून जाते. वरून बांधकाम जसेच्या तसे दिसते, परंतु ज्याच्यावर ते उभे आहे तेच बदललेले असते.

कोयनेचा धडा

हे सर्व पुस्तकी वाटेल, म्हणून आपल्याच राज्यातील एक घटना पाहू. ११ डिसेंबर १९६७. पहाटेचे चार वाजून एकवीस मिनिटे झाली असता कोयनानगर परिसर भूकंपाने हादरला. सुमारे १८० माणसे मृत्युमुखी पडली, कोयनानगर जवळजवळ जमीनदोस्त झाले. तेथे १०३ मीटर उंचीचे धरण उभे होते आणि त्यामागे शिवसागर जलाशयाचे पाणी होते.

त्या काळच्या प्रचलित पद्धतीनुसार धरणाचा आराखडा करताना भूकंपाचा आडवा जोर धरणाच्या वजनाच्या शेकडा ५ इतका धरलेला होता. हा जोर स्थिर आहे आणि तळापासून माथ्यापर्यंत सारखा आहे, असे गृहीत होते. या सरळ हिशेबाने धरण सुरक्षित ठरत होते. प्रत्यक्षात धरणाच्या पायाजवळच्या यंत्राने जी नोंद केली, तिच्यात जमिनीचे त्वरण नदीच्या दिशेने गुरुत्वाकर्षणाच्या ०.४९ पट, तर धरणाच्या लांबीच्या दिशेने ०.६३ पट होते. म्हणजे गृहीत धरले त्याच्या दहा-बारा पटी. त्यातही धरणाचा माथा तळापेक्षा कितीतरी अधिक हलला. उंच झाडाचा शेंडा बुंध्यापेक्षा अधिक हलतो तसा.

त्रैराशिकाने पाहिले, तर दहापट जोर आल्यावर धरण नामशेष व्हायला हवे होते. तसे झाले नाही. धरण उभे राहिले, पण घायाळ झाले. ज्या उंचीवर धरणाच्या मागच्या, म्हणजे पाण्याच्या विरुद्ध, अंगाचा उतार एकदम बदलतो, माथ्याखाली सुमारे ३६ मीटरवर, तेथे दोन्ही अंगांना आडवे तडे गेले. काही ठिकाणी तेथून पाणी झिरपू लागले. तडे नेमके तेथेच का? कारण आकारात जेथे अचानक बदल असतो, तेथे ताण गोळा होतो. आणि धरण टिकले का? कारण तडा उघडताना हादऱ्याची बरीचशी शक्ती तेथे खर्ची पडली, आणि जोराची दिशा क्षणाक्षणाला पालटत असल्यामुळे उघडलेला तडा पुन्हा मिटत होता. सरळ हिशेबाला यातले काहीच दिसत नाही. तो जोर कमी असताना ‘कोठेच धोका नाही’ म्हणतो आणि जोर वाढला की ‘काहीच उरणार नाही’ म्हणतो. सत्य या दोहोंच्या मध्ये होते, आणि त्या मधल्या प्रदेशातच अभियंत्याची खरी परीक्षा असते.

तडे राळेने भरण्यात आले, धरणाच्या वरच्या भागात ताणलेले पोलादी दोर बसविण्यात आले आणि पुढे मागच्या बाजूने काँक्रीटचे भक्कम आधार उभारून धरण बळकट केले गेले. देशाचा भूकंपविषयक नकाशा व मानके बदलली. बनारस हिंदू विद्यापीठात शिकलेले आणि अमेरिकेत बर्कले येथे प्राध्यापक झालेले अनिल चोप्रा यांनी चक्रवर्ती या सहकाऱ्यासह १९७३ मध्ये कोयनेच्या तड्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. तेव्हापासून आजतागायत जगात कोठेही काँक्रीटच्या धरणातील तडा कसा वाढतो याची नवी संगणकीय पद्धत कोणी मांडली, तर ती आधी बहुधा कोयनेवर पडताळून पाहिली जाते. जगाची कसोटी आपल्या सातारा जिल्ह्यात आहे.

येथे मनाला बोचणारी गोष्ट अशी की, कोयनेच्या तड्याची उंची परदेशातील विद्यार्थ्याला पाठ असते आणि आपल्या धरणाकाठच्या शेतकऱ्याला आपल्या धरणातून किती पाणी पाझरते, याचा आकडा कोणी सांगत नाही. ज्ञान आपल्या भूमीतून निघाले, जगभर फिरले, पण गावापर्यंत परत आले नाही.

मार्जिन कोण खातो?

यावर एक आक्षेप येईल आणि तो रास्त आहे. अभियंते काही वेडे नाहीत. ते प्रत्येक बांधकामात सुरक्षेचे मार्जिन ठेवतात. मग उगाच भय का पसरवावे? मार्जिन ठेवतात, हे अगदी खरे. परंतु मार्जिन म्हणजे वडिलार्जित ठेव आहे. तिच्यातून रोज थोडे काढीत गेले आणि भर काही घातली नाही, तर ती एक दिवस संपते. आणि संपण्याच्या आदल्या दिवसापर्यंत घरात सर्व काही सुरळीत दिसते.

हे मार्जिन कोण खाते? सळईवर चढणारा गंज खातो. गंजलेले लोखंड मूळ लोखंडाच्या कितीतरी पट जागा व्यापते आणि आतून काँक्रीट फोडते. पुलावर दर काही वर्षांनी आधीचा थर न खरवडता चढविलेला डांबराचा नवा थर खातो. तो रस्ता गुळगुळीत करतो आणि पुलाचे ओझे कायमचे वाढवितो. आणि सर्वांत अधिक खाते ते अतिभारित वाहन. अमेरिकेत १९५८ ते १९६० या काळात रस्त्यांवर मोठा प्रयोग झाला. त्यातून असे दिसले की, रस्त्याची हानी आसावरील भाराच्या साधारण चौथ्या घाताने वाढते. आसावरील भार शेकडा २० ने वाढला तर हानी दुपटीवर जाते, दीडपट झाला तर पाचपट, दुप्पट झाला तर सोळापट! वाळूचा एक टिप्पर दुप्पट भरून गेला, तर दोन टिप्परांच्या दोन फेऱ्यांची एक फेरी झाली, असे मालकाला वाटते. रस्त्याच्या हिशेबी मात्र त्या एका फेरीत सोळा टिप्पर गेलेले असतात. भंडारा-पवनी मार्गावर ज्यांना रोज खड्डे चुकवीत जावे लागते, त्यांनी हा आकडा लोकप्रतिनिधींना जरूर ऐकवावा. वाळूचा नफा एकाच्या खिशात जातो आणि रस्त्याचे सोळापट नुकसान साऱ्या गावाच्या माथी येते.

मार्जिन संपल्यावर काय होते, हे महाराष्ट्राने वारंवार पाहिले आहे. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ सावित्री नदीवरील ब्रिटिशकालीन दगडी पूल पुरात गेला आणि एस.टी.च्या दोन गाड्या प्रवाशांसह वाहून गेल्या. १५ जून २०२५ रोजी मावळात कुंडमळा येथे इंद्रायणीवरचा जुना लोखंडी पूल पर्यटकांच्या गर्दीने कोसळला व चौघांचे प्राण गेले. तो धोकादायक असल्याचे आधीच घोषित झालेले होते. पण फलक वाचून परत फिरावे, असे गर्दीतील कोणाला वाटले नाही, कारण पुढे दहा माणसे सुखरूप उभी दिसत होती. ‘दहा उभे आहेत, म्हणजे अकराव्यालाही चालेल’ – पुन्हा तेच त्रैराशिक!

भूकंपाच्या बाबतीतही हाच भ्रम आहे. भंडारा जिल्हा कमी जोखमीच्या पट्ट्यात मोडतो, म्हणून आपण निश्चिंत असतो. ३० सप्टेंबर १९९३ पूर्वी किल्लारीचा परिसर सर्वांत कमी जोखमीच्या पट्ट्यात गणला जात होता. त्या पहाटे सुमारे आठ हजार माणसे गेली. घरांच्या जाड दगडी भिंती शतकाहून अधिक काळ माळवदाचे ओझे सरळ खाली वाहून नेत होत्या. आडवा हादरा बसताच भिंतीचे आतले व बाहेरचे अंग एकमेकांपासून सुटले, कारण दोहोंना बांधून ठेवणारे आरपार दगड नव्हते. उभा भार पेलण्याचा शंभर वर्षांचा दाखला आडव्या हादऱ्यापुढे कुचकामी ठरला.

मातीचे धरण काय सांगते?

आता गोसेखुर्दकडे वळू. २२ एप्रिल १९८८ रोजी तत्कालीन पंतप्रधान राजीव गांधी यांच्या हस्ते या प्रकल्पाचे भूमिपूजन झाले. ३७२ कोटी रुपयांच्या अंदाजाने आरंभलेला हा प्रकल्प पुढे हजारो कोटींवर गेला. २००९ मध्ये त्याला राष्ट्रीय प्रकल्पाचा दर्जा मिळाला. सुमारे ११ किलोमीटर लांबीचे हे धरण बव्हंशी मातीचे आहे आणि त्याच्या काँक्रीटच्या सांडव्याला ३३ दरवाजे आहेत. ऑगस्ट २०२० च्या अखेरीस वैनगंगेला महापूर आला, भंडारा शहरात पाणी शिरले, तेव्हा या दरवाजांचे महत्त्व सर्वांना उमगले. प्रकल्पाच्या डाव्या कालव्याच्या काँक्रीट अस्तरीकरणाच्या दर्जावर चौकशी समित्यांनी ठपका ठेवला, हा इतिहासही ताजा आहे.

धरण असुरक्षित आहे, असे सुचविण्याचा येथे यत्किंचितही हेतू नाही. सांगायचे आहे ते मातीच्या धरणाच्या स्वभावाविषयी. मातीच्या धरणातून थोडे पाणी पाझरणे स्वाभाविक असते. ते स्वच्छ असेल आणि जलाशयाच्या पातळीबरोबर प्रमाणात वाढत-घटत असेल, तर रेषा सरळ आहे. परंतु पातळी तीच असताना पाझर वाढला, किंवा स्वच्छ पाणी गढूळ येऊ लागले, तर आतून माती वाहू लागली आहे, असे समजावे. माती गेली की वाट रुंदावते, वाट रुंदावली की पाणी वाढते, पाणी वाढले की माती अधिक वेगाने जाते. येथून पुढे घटिका-पळांचा हिशेब असतो. १२ जुलै १९६१ रोजी पानशेतला काय झाले, हे पुणेकर अद्याप विसरलेले नाहीत. आदल्या दिवसापासून लष्कराचे जवान वाळूची पोती रचून खचणाऱ्या धरणाशी झुंजत होते. २ जुलै २०१९ रोजी रत्नागिरी जिल्ह्यातील तिवरे धरण फुटले. तेथील गळतीची तक्रार गावकऱ्यांनी आधी केलेली होती. गावकऱ्यांना वक्ररेषेचे शास्त्र ठाऊक नव्हते, पण त्यांचे डोळे शाबूत होते. उणीव होती ती त्यांचे ऐकून घेणाऱ्याची.

मागणी साधी आहे

धरण सुरक्षा कायदा डिसेंबर २०२१ मध्ये झाला आणि त्याच महिन्याच्या ३० तारखेपासून लागू झाला. पावसाळ्यापूर्वी व पावसाळ्यानंतर धरणाची तपासणी आणि आपत्कालीन कृती आराखडा त्याने बंधनकारक केला. नाशिकला राज्याची धरण सुरक्षितता संघटना आहे, खडकवासल्याला १९१६ पासूनची केंद्रीय जल व विद्युत संशोधन संस्था आहे. म्हणजे ज्ञान आहे, कायदा आहे, संस्था आहेत. नाही तो या सर्वांचा आणि गावाचा संवाद.

म्हणून मागणी एवढीच की, प्रत्येक धरणाचा पाझर, जलपातळी व तपासणीचा निष्कर्ष वर्षातून दोनदा परिसरातील ग्रामसभेत मराठीत वाचून दाखवावा. अड्याळच्या ग्रामसभेत गोसेखुर्दचा आकडा वाचला गेला, तर पुढच्या वेळी कोणीतरी उठून विचारील : गेल्या वर्षी याच पातळीला पाझर इतका होता, यंदा अधिक का? ज्या दिवशी हा प्रश्न सामान्य माणूस विचारील, त्या दिवशी लोकशिक्षण झाले असे समजावे. त्याचप्रमाणे प्रत्येक जुन्या पुलावर केवळ ‘धोकादायक’ असा फलक न लावता तो किती भार पेलू शकतो, हे टनांत व माणसांत लिहावे, शेवटची तपासणी कोणत्या वर्षी झाली ते लिहावे आणि मर्यादेपलीकडचे वाहन प्रत्यक्ष अडविले जावे. धोकादायक ठरलेला पूल दोन्ही बाजूंनी बंद करायला विटांच्या दोन भिंती पुरतात. त्यासाठी निविदेची वाट पाहावी लागू नये.

समाजानेही काही पथ्ये पाळली पाहिजेत. घरावर मजला चढविताना ‘खालची भिंत जाड आहे’ एवढ्यावर भागत नाही. खालचा पाया आणि खांबांतील सळया जाणकाराकडून पाहून घ्याव्यात. माळ्याची तुळई वर्षागणिक थोडी अधिक वाकत असेल, तर माळ्यावरील धानाची पोती उतरवून ठेवावीत. लाकूड दीर्घकाळच्या ओझ्याने सावकाश झुकते आणि मग एकाएकी मोडते. शाळेच्या छतावरचा तडा रंगरंगोटीखाली झाकू नये. त्याच्या टोकाला तारीख लिहावी आणि सहा महिन्यांनी पुन्हा पाहावे. तडा तेथेच असेल तर ठीक. पुढे सरकला असेल, तर त्या खोलीत मुले बसवू नयेत.

पूल अमुक वर्षे उभा आहे, या वाक्याला आपण पुरावा मानतो. प्रत्यक्षात त्या वाक्यातून एवढेच कळते की, मार्जिन अद्याप पुरते संपलेले नाही. किती उरले आहे, हे मोजल्यावाचून कळत नाही, आणि मोजलेले सांगितल्यावाचून त्याचा उपयोग होत नाही. पुढचा पावसाळा येण्यापूर्वी आपल्या गावातला एक पूल, एक छत आणि जवळचे एक धरण यांची शेवटची तपासणी केव्हा झाली, एवढे तरी प्रत्येकाने ग्रामपंचायतीत जाऊन विचारावे.